नवा सेफ्टी रेझर घेतलाय? पहिल्या पंधरा दाढ्या अशा करा

माझ्या ओळखीतल्या चार जणांनी गेल्या दोन-तीन वर्षांत भारीतला सेफ्टी रेझर घेतला आणि त्यातल्या तिघांनी महिन्याभरात तो कपाटात टाकून परत आपला पाच पात्यांचा कार्ट्रिजवाला, म्हणजे पात्यांसकट अख्खं डोकं बदलायचं तो प्लास्टिकचा रेझर, बाहेर काढला. तिघांचं म्हणणं एकच, "अरे कापतो यार तो." मी एकाला दाढी करताना प्रत्यक्ष बघितलं तेव्हा कळलं की रेझर कापत नव्हता, हा गडी दाबत होता. कार्ट्रिजने दहा-पंधरा वर्षं दाढी करून हाताला दाबायची जी सवय लागते ना ती मोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी देत नाही. म्हणून हे सगळं लिहितोय. रेझर कुठला, ब्लेड कुठलं, क्रीम कुठलं याच्यावर लोक तासन् तास वाद घालतात पण नव्या माणसाचं खरं काम हात हलका करणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

ज्यांना सेफ्टी रेझर म्हणजे नेमकं काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबांच्या किंवा आजोबांच्या दाढीच्या डब्यात तो टी आकाराचा धातूचा रेझर असायचा बघा, टोपी उघडून आत पातळ दुधारी ब्लेड ठेवायचं, तोच हा. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसाने असा फेकून देण्याजोग्या ब्लेडचा रेझर आणला, 1904 साली त्याला पेटंट मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1903 मध्ये, त्याचे फक्त 51 रेझर विकले गेले होते. एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त लोकांच्या दाढ्या रोज होत असतील. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती अशी की आज मिळणारं दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीचं असो, ते कुठल्याही कंपनीच्या दुधारी रेझरमध्ये बसतं. जपानी ब्लेड जर्मन रेझरमध्ये, ठाण्याच्या सुपरमॅक्स कंपनीचं ब्लेड इंग्लिश रेझरमध्ये, काही अडत नाही. कार्ट्रिजवाल्यांनी तुम्हाला आपल्या दांड्याला बांधून ठेवलेलं असतं, तसं इथे नाही. रेझरवर एकदा पैसे गेले की पुढे ब्लेडचा खर्च चहाच्या खर्चाहून कमी.

कुठला घ्यायचा

मी म्यूलेचा आर 89 वापरतो, त्यामुळे उदाहरण त्याचंच देतो. जर्मनीत सॅक्सनी भागात श्ट्युट्झेनग्रून म्हणून छोटंसं गाव आहे, तिथली ही कंपनी, 1945 पासूनची. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एडविन जॅगरचा डीई 89 आहे, त्याचं डोकं आणि आर 89 चं डोकं जवळपास एकच, दांडा फक्त वेगळा, त्यामुळे दोघांपैकी जो स्वस्तात मिळेल तो घ्या. किंमत इकडे इंपोर्टवर खालीवर होत असते, पण काही हजारांची गोष्ट आहे हे धरून चला.

हा का, तर हा शांत रेझर आहे. यात डोक्याखाली जी सरळ पट्टी असते ती ब्लेडच्या आधी कातडीला टेकून तिला सपाट करते, आणि ब्लेडची धार अगदी थोडीशीच बाहेर डोकावते. दुसरा प्रकार दातेरी, म्हणजे पट्टीच्या जागी कंगव्यासारखे दाते. याच म्यूलेचा दातेरी आर 41 आहे आणि तो असला आक्रमक आहे की मुरलेले लोकसुद्धा त्याच्याशी अदबीने वागतात. दिसायला दोघे भाऊ-भाऊ, दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा आकडा नीट वाचूनच ऑर्डर करा!

बजेट जास्त असेल तर स्टेनलेस स्टीलचे आहेत. कॅनडाच्या रॉकवेलचा 6 एस घेतला तर त्यात सहा पातळ्या मिळतात, तळाची पट्टी उलटसुलट करून किंवा बदलून रेझर सौम्य किंवा तिखट करता येतो, आणि नवीन माणसाला ही सोय खरंच उपयोगी पडते. जपानच्या फेदरचा एएस-डी 2 हा पण स्टीलचा आणि अतिशय सौम्य, पण महाग. पाहिजेच असं काही नाही. आर 89 चं डोकं झामाकचं असतं, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, वर क्रोमचा मुलामा. दिसायला झकास, फक्त ओल्या हातातून फरशीवर पडला तर आटे तुटू शकतात. स्टीलवाला पडला तर जास्त काळजी फरशीची.

अगदी स्वस्तातला घेऊन बघू आणि मग भारीतला घेऊ, असं करू का? मी केलंय. ऑनलाइन दोन-अडीचशेत मिळाला, हुबेहूब जर्मन रेझरसारखा दिसणारा, आणि ब्लेड बसवलं की एका बाजूने जास्त बाहेर आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ आतच. उजवा गाल सोललेला आणि डाव्या गालावर खुंट तसेच! महिनाभर मला वाटत होतं माझाच हात वाकडा आहे. भारीतल्या रेझरला पैसे देतो ते याच्यासाठी, ब्लेड दोन्हीकडे सारखं बसावं म्हणून. बाबांचा जुना पितळी रेझर घरात असेल आणि डोकं वाकलेलं नसेल तर मात्र काहीच विकत घेऊ नका, टूथब्रशने नीट घासून काढा आणि तोच वापरा.

बाकीचं सामान

ब्लेड: सुरुवातीला एकाच प्रकारचं पाकीट घ्या. सेव्हन ओ'क्लॉक किराणा दुकानात मिळतं, हिरव्या पाकिटातलं अस्ट्रा ऑनलाइन मिळतं, दोन्ही चांगली. जपानी फेदर ब्लेडचं नाव खूप ऐकाल, ते भयंकर धारदार असतं, ते महिनाभर तरी लांब ठेवा. आणि आठवड्याला एक अशी पाच कंपन्यांची ब्लेडं ट्राय करत बसू नका. हात बदलतोय, ब्लेड बदलतंय, क्रीम बदलतंय, मग कशामुळे कापलं हे कळणार कसं?

ब्रश सिंथेटिक केसांचा घ्या. बॅजर म्हणजे एका जंगली प्राण्याच्या केसांचा असतो, महाग असतो, आणि डुकराच्या केसांचा स्वस्त असतो पण आधी भिजवून ठेवावा लागतो, शिवाय काही घरांत चालत नाही. सिंथेटिक झटकला की वाळतो, कोकणात-मुंबईत पावसाळ्यात हा मोठाच फायदा.

साबण किंवा क्रीम ब्रशने फेसायचं हवं, कॅनमधला तयार फोम नको. किराणा दुकानातली ट्यूब चालेल, तिला नावं ठेवायची गरज नाही. वाटी स्वयंपाकघरातली स्टीलची, फक्त एकदा घेतली की ती तुमची, परत मांडणीवर ठेवली तर जे काय ऐकायला लागेल ते तुमच्या जबाबदारीवर. आणि तुरटीचा खडा, किराणा दुकानातूनच.

अंघोळीच्या आधी की नंतर

इथे आपल्याकडे पेच आहे. ओल्या दाढीवरचं कुठलंही मार्गदर्शन उघडा, पहिलं वाक्य असतं की गरम पाण्याने अंघोळ करून मग दाढी करा. कारण बरोबर आहे, दाढीचा केस कोरडा असताना कडक असतो, दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजला की पाणी पितो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी सोपा जातो. पण आपल्या घरात दाढी-कटिंग झाली की अंघोळ, असा नियम. आमच्याकडे एकदा अंघोळ करून दाढीला बसलो तर आई म्हणाली, "आता परत अंघोळ करणारेस ना? नाहीतर देवघरात येऊ नकोस." आणि बाबा पेपरमागून म्हणाले, "पाणी काय फुकट येतंय का." दोघांचंही बरोबर.

तर तोडगा पंच्याचा. जुना मऊ पंचा गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, तोंडावर दाबून धरायचा, गार झाला की परत एकदा. दोन-तीन मिनिटं. गरम म्हणजे सोसेल इतपत, भाजणारं नको. मग लगेच फेस, मधे तोंड पुसायचं नाही. सलूनमध्ये न्हावी पाणी मारून मारून गालफडं चोळतो ते उगाच नाही. दाढी करून मग अंघोळ, नियमही मोडला नाही आणि केसही भिजले.

फेस

ट्यूबमधून हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, बदामाएवढं क्रीम वाटीत घ्या. ब्रश भिजवून झटका, निथळता नको. मग गोल गोल फिरवायचं आणि पाणी थोडं थोडं, म्हणजे अक्षरशः थेंब-थेंब वाढवायचं, भज्यांचं पीठ भिजवताना कसं एकदम पाणी ओतत नाही तसं. पहिल्या मिनिटाला मोठे मोठे बुडबुडे दिसतील, त्याला फेस समजून थांबू नका, फिरवत राहा. हळूहळू बुडबुडे मोडतात आणि घट्टसर, चकचकीत, सायीसारखं काहीतरी तयार होतं. ब्रश उचलल्यावर मऊ शेंडी उभी राहून किंचित वाकली पाहिजे. शेंडी ताठ उभी राहिली आणि फेसाला चमक नसेल तर पाणी कमी आहे. वाहायला लागला तर जास्त झालं, थोडं क्रीम अजून घाला.

नवीन लोक जवळजवळ सगळे पाणी कमी घालतात. फेस दिसायला भरघोस असतो पण कोरडा असतो, गालावर दोन मिनिटांत वाळून कडक होतो आणि रेझर अडखळत चालतो. बोटांच्या चिमटीत फेस घेऊन चोळून बघा, बोटं एकमेकांवरून सुळकन घसरली पाहिजेत.

आणि पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर फेस येणारच नाही धड, क्षारांमुळे साबण फाटतो आणि वाटीला पांढरा थर बसतो. माझा अर्धा डबा क्रीम यात वाया गेला, मी क्रीमला शिव्या घालत होतो. मग एक दिवस प्यायच्या फिल्टरचं पाऊण वाटी पाणी घेतलं आणि त्याच क्रीमचा असा काही फेस झाला की बास. तोंड धुवायला नळाचं पाणी चालतं, फेसाला तेवढं फिल्टरचं घ्या.

ब्लेड बसवणं

रेझरचे तीन तुकडे: टोपी, मधली तळपट्टी, दांडा. दांडा फिरवून सुटा करा. टोपी उताणी तळहातावर ठेवा, तिच्या खिळ्यांत ब्लेड बसवा, ब्लेड धरायचं ते आखूड बाजूच्या दोन टोकांना, लांब बाजूंना धार असते तिकडे बोट न्यायचंच नाही. वरून तळपट्टी ठेवा, आता ती दोन टोकं चिमटीत दाबून धरा आणि दांडा आवळा. हाताने आवळला तेवढा पुरे, पक्कड आणू नका. हे वाचून हसू येईल पण पक्कड आणणारा माणूस मी बघितलाय.

मग रेझर डोळ्यासमोर आडवा धरून दोन्हीकडून बघा, ब्लेडची दिसणारी रेघ दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे. नसेल तर दांडा ढिला करून परत. ब्लेड फडक्याने पुसायचं नाही, कधीच नाही, धारेवर अतिशय पातळ मुलामा असतो तो जातो आणि बोटही जातं.

पहिली दाढी

सुट्टीच्या दिवशी करा. मी पहिली दाढी मावसभावाच्या साखरपुड्याच्या सकाळी केली, वीस मिनिटं हातात, गाडी खाली उभी. हनुवटीवर दोन आणि ओठाच्या कोपऱ्यात एक. पंगतीत जिलेबी खाताना कापूस जिलेबीला चिकटला, फोटोत आहे अजून.

त्याआधी, म्हणजे आदल्या दिवशीच, एक काम: दोन दिवसांच्या वाढलेल्या खुंटांवरून बोट फिरवून बघा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं ती सुलटी, जिकडे करवतीसारखं अडतं ती उलटी. गालावर बहुतेकांची सुलटी वरून खाली असते. मानेवर काहीही असू शकतं, माझी डावी मान खालून वर वाढते आणि उजवी तिरकी, कानाच्या दिशेला. तिशी ओलांडेपर्यंत मला हे माहीत नव्हतं आणि मी आयुष्यभर मानेवरच्या लाल पुळ्यांना उन्हाळा कारण समजत होतो.

आता फेस लावून रेझर दांड्याच्या खालच्या टोकाजवळ, तीन बोटांत, पेन्सिल धरतो तितक्या हलका धरा. मूठ नको. टोपी गालावर टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर काटकोनात, अशा स्थितीत ब्लेड लागतच नाही. मग दांडा हळूहळू खाली आणत जा आणि बारीक बारीक ओढत बघा, एका जागी ब्लेड खुंट पकडायला लागतं, खर्र असा बारीक आवाज येतो. तो कोन तुमचा. साधारण 30 अंशांच्या आसपास येतो पण अंश मोजायला कोण बसलंय, कानाने शोधा, म्हणूनच दाढी करताना गाणी लावू नका सुरुवातीला. दांडा आणखी खाली नेलात तर ब्लेड खरवडायला लागेल.

कल्ल्याखालून सुरुवात, कारण गाल सपाट असतो. डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणून धरा, इंच-दीड इंचाचे छोटे फराटे मारा, मनगट न वळवता. आणि दाबायचं नाही. धातूचा रेझर प्लास्टिकच्या दांड्यापेक्षा जड असतो, माझा साठ-पासष्ट ग्रॅमचा असेल, त्याच्या वजनाने तो आपोआप खाली येतो, तुम्ही फक्त तो पडणार नाही एवढं बघायचं. कार्ट्रिजचं डोकं स्प्रिंगवर मागेपुढे हलतं म्हणून तिथे दाबलेलं खपून जातं. इथे डोकं हलत नाही, कोन तुमच्या हातात, दाब दिला की कातडी फुगून धारेवर येते आणि कापते. पहिल्या दिवशी बाबा दारात उभे राहून बघत होते, म्हणाले, "अरे, दाढी करतोयस का भिंत खरवडतोयस?"

एक युक्ती आहे, नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने एक गाल करून बघा. उजवखोरा डावा हात वापरायला लागला की भीतीने आपोआप हलका होतो, आणि हलका म्हणजे किती हलका ते कळतं.

तीन-चार फराट्यांनंतर डोकं पाण्यात बुडवून हलवा, रेझर उलटा करून दुसरी धार वापरा. एकाच जागेवर फेस नसताना परत परत फिरवू नका, तीच जागा नंतर संध्याकाळी चुरचुरते. राहिलं तर राहू द्या.

ओठावरचा भाग करताना वरचा ओठ दातांवर खाली ओढून घ्या. हनुवटीला गोलाई असते म्हणून तिथे फराटा अर्ध्या इंचाचा. कंठमण्यावरून सरळ जायचं नाही, कातडी बोटाने एका बाजूला सरकवायची म्हणजे ती मण्यावरून हटते आणि सपाट जागेवर ती पट्टी करायची, मग दुसरीकडे सरकवायची. जबड्याच्या हाडावरून रेझर एकदम खाली नेऊ नका, गाल संपला की थांबा, मान वर करा, कातडी ताणा, मग खालचं वेगळं.

एक हात सुलटी, म्हणजे सगळ्या दाढीवरून सुलट दिशेने एकदा रेझर फिरवून झाला, की थांबा. हो, पहिल्या दिवशी एवढीच. हात फिरवला तर खुंट लागतील, बायको म्हणेल ही कसली दाढी, चालेल. तुळतुळीत घोटायची घाई केली की रक्त. सलूनमध्ये "उलटी मारू का?" विचारतात ना, त्या माणसाने हजारो दाढ्या केलेल्या असतात.

तुरटी खरं बोलते

गार पाण्याने तोंड धुवा, ओल्या तोंडावर ओला तुरटीचा खडा फिरवा. आग होईल. पण सगळीकडे सारखी नाही होणार, आणि खरी मजा इथेच आहे, जिथे जास्त झोंबलं तिथे तुम्ही दाबलंत किंवा कोन चुकला. अर्धं मिनिट ठेवून धुऊन टाका. दाढी झाल्यावर आरशात काहीच दिसत नसलं तरी तुरटी सांगते. माझी पहिल्या दोन आठवड्यांत रोज उजव्या जबड्याखाली झोंबायची, तेव्हा कळलं की तिथे पोचताना मी कोपर वर उचलतो आणि दांडा खाली पडतो. कोपर खाली ठेवला, आग गेली.

बारीक टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके आले तर तोच खडा क्षणभर दाबून धरा, थांबतात. मोठं कापलं तर अर्थात स्वच्छ कापूस आणि दाब. खडा धुऊन कोरडा ठेवा, रेझरशेजारी ओला ठेवू नका, क्रोम खराब होतं. नंतर साधं खोबरेल किंवा सौम्य बाम, अल्कोहोलवाला आफ्टरशेव्ह हौस म्हणून लावा हवा तर.

पुढचे दिवस

पहिल्या पाच दाढ्या फक्त सुलटी. सहावीपासून, तुरटी गप्प राहायला लागली असेल तरच, तोंड ओलं करून परत फेस लावायचा आणि दुसरा हात आडवा, म्हणजे कानाकडून नाकाकडे किंवा उलट. प्रत्येक हाताला नवा फेस, म्हणूनच वाटीत जास्तीचा करून ठेवायचा. बहुतेक दिवस मी इथेच थांबतो. दहाव्या-बाराव्या दाढीनंतर उलटी करून बघायची असेल तर आधी फक्त गालावर, मानेवर सगळ्यात शेवटी. ज्यांचे केस जाड आणि कुरळे आहेत त्यांनी मानेवर उलटी केलीच नाही तरी बिघडत नाही, घोटून कापलेला केस कातडीच्या आतच वळतो आणि पुळी येते.

ब्लेड तीन ते पाच दाढ्यांनी बदला. ओढल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी, "अजून एक दाढी निघेल" या हिशोबात पडू नका, दोन-चार रुपयांसाठी गाल कशाला पणाला लावायचा. नव्या ब्लेडने पहिली दाढी करताना थोडं सावध, काहींना पहिल्या दिवशी ते जरा तिखट लागतं.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी वेगळं: महिनाभराची दाढी या रेझरने काढायला जाऊ नका, लांब केस ब्लेडखाली गुंततात आणि दर फराट्याला डोकं तुंबतं. आधी ट्रिमर किंवा कात्रीने खुंटावर आणा, मग फेस. आणि तोंडावर पिकलेल्या पुळ्या असतील, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच. रेझर घरात भावाभावांत फिरवायचा नाही, ब्लेड बदललं तरी नाही, रक्तातून पसरणारे आजार असतात.

राखण, प्रवास आणि जुनी ब्लेडं

रोज दाढी झाली की धुवा, झटका, उभा ठेवा. आठवड्यातून एकदा सुटा करून भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा. क्षारांचे पांढरे डाग पडले तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून पाच मिनिटं, जास्त वेळ नाही. लिंबू-चिंच लावून पितांबरीने घासू नका, देवाच्या भांड्यांना चालतं, क्रोमच्या मुलाम्याला नाही.

विमानात ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका. फक्त हातातली बॅग असेल तर ब्लेडं नेऊच नका, उतराल तिथे घ्या, एका पाकिटाचं तर काम.

वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकायची नाहीत. आपल्याकडे कचरा कुणीतरी माणूस हाताने वेगळा करतं, पुण्यात तर दारावर येणाऱ्या ताईच करतात, आणि आपलं ब्लेड त्यांच्या बोटात जातं. अमेरिकेत जुन्या घरांत बाथरूमच्या कपाटाला मागून एक फट असायची, ब्लेड त्यात टाकलं की भिंतीच्या आत पडायचं, घर पाडताना बांधकामवाल्यांच्या अंगावर गंजलेल्या ब्लेडांचा ढीग यायचा. आपण भिंत नको, एक पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला स्क्रू ड्रायव्हरने ब्लेड जाईल एवढी फट पाडा, झाकण फेविक्विकने पक्कं करा आणि बाथरूमच्या खिडकीत ठेवा. भरला की टेपने फट बंद करून, वर ठळक अक्षरांत "ब्लेड" लिहून वेगळा हातात द्या. माझा डबा बिस्किटांचा आहे, तीन वर्षं झाली, हलवला की खुळखुळतो, अजून अर्धाही भरला नाहीये.